एक ते चार

सकाळी साडेसहा

फ्रेम स्कूटरवरून न्यायची की रिक्षातून, यावर आमच्या घरात काल रात्रीपासून दोन मतं आहेत. फ्रेम ३० इंच रुंद, २२ इंच उंच. बायकोने स्कूटर चालवायची आणि मी मागे बसून फ्रेम मांडीवर आडवी धरायची, हा माझा प्रस्ताव. ऑगस्टमधला पुण्याचा पाऊस धड पडत नाही आणि धड थांबतही नाही, तेव्हा रिक्षाच, हा तिचा. चहाचा दुसरा कप होईपर्यंत तिचा प्रस्ताव मंजूर झाला. फ्रेमला बबल रॅप, त्यावर औषधांच्या खोक्यांबरोबर येणारं जाड पॉलिथिन, त्यावर चिकटपट्टी. बांधाबांध आम्हाला शिकवायला लागत नाही, धंदाच तो आहे.

आज १९ ऑगस्ट, जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली याच तारखेला पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीरपणे उलगडून सांगितली गेली. म्हणून आमच्या क्लबचं वार्षिक प्रदर्शन याच सुमाराला असतं, बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारातल्या कलादालनात. क्लबात मी बरीच वर्षं आहे. खुर्च्या मांडणाऱ्यांत, बिस्किटं आणणाऱ्यांत, वर्गणी गोळा करणाऱ्यांत माझं नाव कायम असतं. भिंतीवरच्यांत ते यंदा पहिल्यांदा आलं.

साडेआठ

शटर वर. उदबत्ती, फ्रिजचं तापमान बघून वहीत टिपणं, रात्री आलेल्या मालाची बिलं. दुकान वडिलांचं, शुक्रवार पेठेतलं. बायकोही फार्मासिस्ट, त्यामुळे परवान्याच्या भिंतीवर दोघांचीही प्रमाणपत्रं शेजारी शेजारी टांगलेली. माझं नाव असलेली आजवरची एकमेव फ्रेम ती.

साडेआठ ते साडेअकरा मान वर करायला मिळत नाही. पावसाळ्यात निम्मं पुणं तापलेलं असतं. पॅरासिटामॉल, ओआरएस, खोकल्याची बाटली, डेंगीच्या धास्तीने ‘प्लेटलेट वाढवायचं काहीतरी द्या’ म्हणणारे, त्यांना पाणी प्या आणि डॉक्टरांना भेटा असं सांगणं. प्रतिजैविकांतली काही औषधं दिली की एच-वन रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, संख्या, सगळं लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. मला हे लिहायला आवडतं, हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

फोटो निवडला गेल्याचा निरोपही अशाच गर्दीत आला होता. यादी होती, नावं आडनावांच्या क्रमाने, आणि माझं आडनाव शेवटाकडचं. काउंटरवर एक आजोबा बीपीच्या गोळीची रिकामी पट्टी हातात नाचवत उभे होते, त्यांना गोळ्या देऊन मग यादी पुन्हा खालून वर वाचली. बायकोला फोन दाखवला. ती म्हणाली, “छान. किती भरायचेत?” प्रश्न बरोबर होता. प्रिंट, माउंट आणि फ्रेम ज्याची त्याने करायची होती.

साडेअकरा

थोडी उसंत. एका ताईंनी वांगावरचं मलम मागितलं. चिठ्ठी पाहिली, हायड्रोक्विनोन. हे औषध हातात आलं की मला दर वेळी गंमत वाटते. कृष्णधवल फिल्म धुण्याच्या डेव्हलपरमध्ये हेच असायचं, मेटॉल आणि हायड्रोक्विनोन ही जोडी. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, सायनाइडच्या विषबाधेवर तेही देतात. सिल्व्हर नायट्रेट जखमा जाळायला वापरत. फोटोग्राफीचं निम्मं सामान आमच्याच कपाटातलं. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या सुरुवातीच्या काळातल्या भारतीय सभासदांत डॉ. नारायण दाजी होते. भाऊ दाजी लाड यांचे हे धाकटे भाऊ, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. औषध आणि कॅमेरा एकाच माणसाच्या हातात असणं त्या काळी अजिबात विचित्र नव्हतं. आता मात्र मी क्लबात ‘मेडिकलवाले’ म्हणून ओळखला जातो आणि बैठकीत कुणाचं डोकं दुखलं की सगळे माझ्याकडे बघतात.

ताईंना सांगितलं, रात्रीच लावा, उन्हात जाताना तोंड झाका. उन्हाचा विषय आमच्या धंद्यातही असा येतोच.

पाऊण

पुण्याचा खरा मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं आणि पुणं आहे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या दरम्यान, त्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास. मेच्या मध्याला तर तो अगदी नेमका डोक्यावर असतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. जुलैअखेरीस पुन्हा एकदा येतो, पण तेव्हा ढगांमुळे कुणाला कळत नाही. माझं दुकान एकला बंद होतं. म्हणजे मी कॅमेरा घेऊन बाहेर पडतो तेव्हा पुण्याचा मध्यान्ह नुकताच उलटलेला असतो.

फोटोग्राफी शिकायला जाल तिथे पहिल्या दिवशी सांगतात, की सूर्योदयानंतरचा एक तास आणि सूर्यास्ताआधीचा एक तास, बाकी वेळी कॅमेरा पिशवीत. दुपारचा उजेड कडक असतो, डोळ्यांखाली काळं पडतं, पांढरं जळतं. हे सगळं खरं आहे. पण सूर्योदयानंतरच्या तासात मला दूध, पाणी, मुलीचा डबा आणि सूर्यास्ताआधीच्या तासात काउंटरवर बारा माणसं. भिगवणला रोहित बघायला पहाटे तीनला निघायचं, हे क्लबातल्या निम्म्या लोकांचं हिवाळ्यातलं व्रत. मी कधी गेलो नाही. मला मिळाले ते एक ते चार. जेवण आणि वामकुक्षी वजा केली तर त्यातलेही दोनच तास.

जगात पुण्याच्या या तीन तासांची चेष्टा होते, ती मला ठाऊक आहे. औषधाचं दुकान दुपारी बंद ठेवणं आता फार कुणाला परवडतही नाही. आम्ही ठेवतो, कारण वडील ठेवत, आणि दोन माणसांच्या दुकानात दोघांनी जेवायचं कधी हाही प्रश्न असतो. पण त्या वेळात पेठांतून चालून बघा. शटर खाली, पाट्या उलट्या, दुकानांच्या पायऱ्यांवर कुत्री, आत पंख्याखाली गल्ल्याला टेकून झोपलेला मालक, बाहेर अरुंद बोळात वरून सरळ ओतलेलं ऊन. गर्दीच्या वेळी दिसत नाही असं पेठांचं अंग तेव्हा उघडं पडतं. मला तेच बघायची सवय लागली.

एक

शटर खाली. रिक्षा. फ्रेम उभी, माझ्या गुडघ्यांमध्ये. रिक्षावाल्याने विचारलं, “देव आहे का?” मी म्हटलं, “नाही, फोटो.” “कुणाचा?” याचं उत्तर लक्ष्मी रस्त्यावरच्या वाहतुकीत देता येण्यासारखं नव्हतं.

फोटो रविवार पेठेतल्या बोहरी आळीतला आहे. गेल्या मे महिन्यातला, सव्वाएकचा. रंग, खिळे, दोरखंड, पत्रा विकणाऱ्या दुकानांची ती आळी, एरवी पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मोकळ्या रस्त्यात एक हातगाडी उभी होती आणि तिच्या सावलीत एक हमाल झोपला होता. सूर्य इतका वर, की सावली गाडीच्या बरोबर खाली पडलेली, एका बाजूला जेमतेम अर्धी वीत सरकलेली. गाडीएवढीच सावली आणि तिच्यात जेवढा मावेल तेवढा माणूस. पाय मावले नव्हते. घोट्यापासून पुढचे दोन तळवे उन्हात. चेहरा दिसत नाही. आयएसओ १००, एफ-८, सेकंदाचा चारशेवा भाग. जुन्या लोकांचा लख्ख उन्हातला एफ-१६ चा आडाखा मांडला तर हेच गणित येतं, मीटर बघायचीही गरज नाही.

हाच उजेड संध्याकाळचा असता तर गाडीची सावली लांब होऊन समोरच्या भिंतीवर चढली असती. देखणी दिसली असती. तो माणूस मात्र तिथे नसता, कारण संध्याकाळी गाडी भरलेली असते आणि तो तिच्यापुढे असतो.

सव्वा ते साडेतीन

दालनात पोचलो तेव्हा जमिनीवर सगळीकडे फ्रेमा भिंतीला टेकवून ठेवलेल्या, तोंडं भिंतीकडे. शिड्या, सुतळी, एस-हूक, मोजपट्ट्या, कुणाचा तरी डबा उघडलेला. एखाद्या प्रदर्शनात सगळ्यांत बघण्यासारखं काही असेल तर ही टांगाटांग. उद्घाटनाला येणाऱ्यांना ती कधी दिसत नाही.

चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर, हे आमच्या इथलं माप. माणसाच्या नजरेची उंची साधारण तेवढी धरतात. मग प्रत्येक फ्रेमचं वेगळं गणित. माझी फ्रेम २२ इंच उंच, तिचं अर्धं ११. मागची तार ताणली की वरच्या कडेपासून ३ इंच खाली येते. ५८ अधिक ११ वजा ३, हूक ६६ इंचांवर. एका हुकावर टांगलं तर पंख्याच्या वाऱ्यानेही फ्रेम कलते, म्हणून दोन. मी औषधाचे डोस मोजणारा माणूस, हे काम माझ्याकडे आपोआप आलं. दीड तासात भिंतींवर पेन्सिलीच्या खुणा माझ्याच होत्या.

फोनवर फोटो वर्षानुवर्षं दाखवले आहेत मी, अंगठे आणि बदामही मिळाले आहेत. त्यात मला काहीच ठरवावं लागलं नव्हतं. इथे प्रत्येक गोष्ट विचारली गेली. किती मोठा? माझा कॅमेरा ६००० बाय ४००० ठिपक्यांचा. २४ इंच रुंदीला इंचामागे २५० ठिपके पडतात, तिथवर ठीक. कागद चकचकीत की मॅट? मॅटवर काळा तितका काळा येत नाही, पण समोरच्या खिडकीचं प्रतिबिंबही दिसत नाही. काच की अॅक्रिलिक? अॅक्रिलिक हलकं, फुटत नाही, पण पुसलं की स्थिर विजेने धूळ ओढून घेतं.

आणि पांढरा. हे मला प्रिंट करणाऱ्याने शिकवलं. स्क्रीनवर ऊन लख्ख पांढरं दिसतं, कारण मागून दिवा असतो. कागदावर जिथे फाइल पूर्ण पांढरी, तिथे प्रिंटर शाईच टाकत नाही. उरतो कोरा कागद, आणि कोरा कागद ऊन वाटत नाही, भोक वाटतो. त्याने रस्त्याच्या त्या जळालेल्या भागाला शाईची अगदी पुसट झाक दिली, शेकड्यात दोन-तीन. आता तिथे डांबर आहे असं वाटतं. पाच चाचणी-पट्ट्या काढल्या होत्या त्याने, एकीचेही पैसे घेतले नाहीत. म्हणाला, “दुपार छापायला कुणी आणत नाही हो.”

शेजार हा समूह प्रदर्शनातला खरा वादाचा विषय. माझ्या डाव्या हाताला आली भिगवणची पहाट, गुलाबी पाणी, गुलाबी पक्षी, गुलाबी धुकं. उजवीकडे राजगडावरचा सूर्यास्त. मी मांडणी करणाऱ्या सरांना म्हटलं, “सर, या दोघांत माझं अगदी कोरडं दिसतंय.”

“दिसू दे. या भिंतीवर सकाळ आहे, संध्याकाळ आहे. मधे काय ठेवू?”

मग ते शिडीवर चढलेल्या मुलाला म्हणाले, “इथला दिवा काढ बाजूला. याच्यात आहे तेवढं ऊन पुरे.” दिवा पक्ष्यांकडे वळला. आणि खरोखर, थेट झोत गेल्यावर गाडीखालच्या सावलीत माणूस दिसायला लागला. आधी तिथे नुसता काळा चौकोन होता. निवड समितीतही ते होते. त्यांनी माझा हाच फोटो का घेतला हे मी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायची गरजही उरली नाही.

राहिला किमतीचा रकाना. प्रत्येक लेबलवर नाव, ठिकाण, माध्यम, किंमत. मी जन्मभर दुकान चालवलं पण किंमत कधी ठरवली नाही, ती पाकिटावर छापूनच येते. फार तर दहा टक्के सोडायचे. इथे खर्चच तीन-साडेतीन हजारांचा. बाकीच्यांनी बारा, पंधरा असे आकडे लिहिले होते. माझ्यापुढे ते दोन तळवे होते. छोटी प्रिंट घेऊन मी त्या आळीतल्या हमालांकडे गेलो होतो जूनमध्ये. चार-पाच जण गाडीवर बसून हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मधून आणलेलं खात होते. त्यातल्या एकाने फोटो लांब धरून बघितला, पुढच्याला दिला, त्याने त्याच्या पुढच्याला. कोण होता तो, असं विचारल्यावर सगळे हसले. “मेडिकल, हे पाय आमच्यातल्या कुणाचेबी असतील की.” प्रदर्शनाचं सांगितलं, बालगंधर्वला या म्हटलं. “नाटकाला का?” पुन्हा हसले. भिंतीवर लावू का, असं विचारलं तर म्हणाले, “लावा की. तोंड कुठं आलंय.”

रकान्यात मी एक आडवी रेघ मारली. कुणी नैतिक म्हणेल, कुणी भित्रा म्हणेल. मला त्या क्षणी लिहिण्याजोगा आकडा सुचला नाही, इतकंच.

चार

शटर वर. आत येताच इन्शुलिनचं गिऱ्हाईक. पेनाच्या सुया कुठल्या मापाच्या, बर्फाची पिशवी देऊ का. पॅन्टच्या गुडघ्यावर चुन्याचे पांढरे डाग होते, ते बघून शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, “रंगकाम काढलं का?”

सहा

आमची मोठी अडचण ही, की उद्घाटन सहाला आणि दुकानाची गर्दीही सहाला. डॉक्टरांचे संध्याकाळचे दवाखाने सुरू झाले की चिठ्ठ्या आमच्याकडे. परवान्याप्रमाणे फार्मासिस्ट हजर हवाच, म्हणजे आम्हा दोघांपैकी एकच जण एका वेळी बाहेर. तोडगा सोपा होता. सहा ते सव्वासात मी, साडेसात ते दालन बंद होईपर्यंत ती.

दीप, श्रीफळ, शाल, भाषणं. ‘छंद’ हा शब्द पाहुण्यांच्या भाषणात बऱ्याचदा आला. मग माणसं पांगून भिंतींकडे गेली. आपल्या फोटोजवळ उभं राहावं की लांब, हे मला ठरवता येईना. शेवटी पाण्याच्या टेबलापाशी उभा राहिलो, तिथून भिंत दिसते आणि हातात ग्लास असला की कारण असतं.

एक कॉलेजातली मुलगी, गळ्यात कॅमेरा, बराच वेळ हातगाडीसमोर थांबली. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. तिने येऊन विचारलं, “काका, तुम्ही मुद्दाम हार्ड लाइट निवडता का?”

“माझं दुकान एक ते चार बंद असतं.”

ती हसली आणि पुढचं ऐकायला थांबली. पुढचं काही नव्हतं. तिला वाटलं असावं, मी टाळतोय.

तिला मिल्टन रोगोव्हिनचं सांगायला हवं होतं. अमेरिकेतल्या बफेलो गावचा हा चष्म्यांचा डॉक्टर. १९५७ साली त्याला कम्युनिस्ट ठरवून चौकशी समितीपुढे उभं केलं, वर्तमानपत्रांनी झोडपलं, पेशंट निम्मे झाले. रिकामा वेळ हातात आला, त्या वेळात तो कॅमेरा घेऊन गावातल्या गरीब वस्त्यांत जायला लागला, आणि पुढची कितीतरी वर्षं तिथल्याच कुटुंबांचे फोटो काढत राहिला. त्याच्यावर लिहिताना समीक्षक त्याच्या करुणेबद्दल लिहितात, दृष्टीबद्दल लिहितात, आणि ते चूक नाही. पण मी दुकानदार आहे, मला आधी दिसतात ते न आलेले पेशंट. हौशी माणसाची शैली वगैरे म्हणतात त्यातला मोठा भाग पोटाच्या कामाने ठरवलेला असतो. कुठला तास त्याने सोडला, कुठला घेतला, त्यावर. क्लबातल्या बँकवाल्याचे सगळे फोटो रविवारचे आहेत. नीट बघितलं तर त्याच्या फोटोंत माणसं नेहमी धुतलेल्या कपड्यांत असतात. शाळेतल्या बाईंचे सगळे मे महिन्यातले आणि दिवाळीतले.

आमच्यातले काहीजण परदेशी सलोंना फोटो पाठवतात, तिथे ‘अॅक्सेप्टन्स’ साठत गेले की नावापुढे लावायला अक्षरं मिळतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. कष्टाचं काम आहे ते. पण तिथे फोटो फाइल म्हणून जातो, गुण मिळवतो, परत येतो. ६६ इंचांवर हूक ठोकावा लागत नाही, आणि शेजारी गुलाबी रोहित सहन करावे लागत नाहीत.

सव्वासातला निघालो. निघताना अभिप्रायाच्या वहीत डोकावायचा मोह झाला, तेवढ्यात पाहुणे लिहायला बसले.

साडेसात

बदली झाली. तिने एप्रन काढून माझ्या हातात दिला, पर्स घेतली. “उधारीच्या वहीत दोन नावं लिहिलीत. बालरोगवाल्यांच्या चिठ्ठीत डोस वाचता येत नाही, फोन करून विचार.” गेली. पुढचे दोन तास नेहमीचे.

पावणेदहा

ती आली तेव्हा मी गल्ला मोजत होतो. छत्री कोपऱ्यात ठेवून स्टुलावर बसली.

“तुझे हमाल आले होते.”

“खरंच? किती जण?”

“तिघं. स्वच्छ कपडे घालून. दारापाशी थांबले होते, तिकीट आहे का म्हणून. मी आत घेऊन गेले.”

“मग? काय म्हणाले? कुणाचे पाय ते?”

“पायांबद्दल कुणी बोललंच नाही. गाडीबद्दल बोलत होते. मागच्या चाकाचं रबर फाटलेलं दिसतंय ना फोटोत, ते म्हणे जुलैत बदललं, मुकादम पैसे देत नव्हता, तिघांनी वर्गणी काढली. त्यावर पाच मिनिटं चालू होतं. तुझे ते सर येऊन उभे राहिले, त्यांनाही दाखवलं चाक. सर वाकून बघत होते.”

चाक मी कधी बघितलंच नव्हतं. प्रिंट करताना नाही, टांगताना नाही.

“आणि एकाने विचारलं,” ती म्हणाली, “हा फोटो गाडीमालकाला द्यायचा झाला तर किती घेतील. मी म्हटलं, उद्या दुपारी येऊन विचारा.”

“दुपारी किती वाजता?”

“चारनंतर म्हणाले. एक ते चार झोपतात.”